जेवणाआधीचं हिंगोली दर्शन

आमच्या भागात नकार जेवणानंतर येतो. हे माझ्या ध्यानात यायला बरीच वर्षं गेली, आणि ध्यानात आलं तोवर कानावरचे केस पांढरे व्हायला लागले होते.

तोंडावर 'नाही' म्हणायची आपल्याकडे रीत नाही. मुलीकडचे पाहुणे घर बघायला येतात. छताकडे बघतात, बाथरूम कुठंय ते विचारतात, जेवतात, वांग्याच्या भाजीचं कौतुक करतात, हात धुतात, बडीशेप तोंडात टाकतात आणि चप्पल शोधत शोधत म्हणतात, "बरं मग, घरी गेल्यावर कळवतो." हे वाक्य आमच्या ओसरीवर इतक्यांदा बोललं गेलं की आईनं बडीशेप आणायचीच सोडून दिली. त्यानं काही फरक पडला नाही. लोक बडीशेपेविना नकार द्यायला लागले.

माझं हिंगोलीत मोटार वायंडिंगचं दुकान आहे. शेतातल्या विहिरीवरच्या मोटारी जळतात आणि मी त्यांच्यात नवी तार भरतो. विजेचा दाब खालीवर झाला की लोकांचं नशीब फुटतं आणि माझं उघडतं, असा हा धंदा. मुलीकडच्यांना शेतीवाला मुलगा पाहिजे असतो, पण शेतात जाणारा नको असतो. माझी शेती थोडी, ती बटईनं दिलेली, आणि मी शेतात जायचो ते दुसऱ्याच्या विहिरीत उतरायला. म्हणजे दोन्हीकडून नापास. सोबतच्या दोस्तांची लेकरं मला काका म्हणता म्हणता मिसरूड फुटून दुकानात उधारीवर मोबाईलचा चार्जर मागायला लागली होती. लग्नात मला वाढायला बोलवायचे. पंगतीत बुंदीची बादली घेऊन फिरताना एखादी म्हातारी हटकून विचारायची, "बाबू, तुझं कवा?" मी तिच्या पानात दोनदा बुंदी वाढायचो. तोंड बंद राहावं म्हणून.

आईनं शेवटचा उपाय म्हणून मोदक आणला.

हिंगोलीच्या गणपतीचा नवसाचा मोदक न्यायला लांबलांबून लोक येतात. अनंत चतुर्दशीला रांगेत उभं राहायचं, मोदक घ्यायचा, मागणं मनात बोलायचं. मागणं पुरं झालं की पुढच्या चतुर्दशीला येऊन एकाचे अनेक मोदक करून परत द्यायचे. मधल्या काळात तो मोदक कोण काय करतं मला ठाऊक नाही, आमच्या आईची रीत तो जपून ठेवायची. स्टीलच्या डबीत, देव्हाऱ्यात, मागणं पुरं होईपर्यंत. साखरेचा मोदक होता. हळद काढणीला येईपर्यंत तो वाळून असा खडा झाला की त्यानं शेंगा फोडता आल्या असत्या.

त्याच सुमारास अकोल्याचं स्थळ आलं. मामानं आणलं. मुलगी लॅबमध्ये रक्त तपासणारी, वडील एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले, आई नाही. मामानं जाता जाता सांगितलं, "पोरीचं म्हणणं एवढंच हाय, की हिंगोलीत राहून माणसानं बघायचं काय? तेवढं सांभाळ. आन् हे स्थळ गेलं तर मला फोन करू नको. माझ्याकडल्या पोरी संपल्या."

शेवटचं वाक्य मी रात्रभर उगाळत बसलो. त्यातूनच मला ती भयानक कल्पना सुचली. नकार जर जेवणानंतर येतो, तर जेवणच लांबवायचं. आणि मुलीला जर हिंगोलीत बघण्यासारखं काय ते बघायचंय, तर दाखवत सुटायचं. जोवर दाखवायला काही शिल्लक आहे तोवर पान वाढलं जाणार नाही, आणि पान वाढलं नाही तर नकार येणार कुठून? दाखवून दाखवून मुलीला गाव आवडेल, आणि गावासोबत मी. आता लिहिताना हे मूर्खपणाचं वाटतंय. तेव्हा ते मला आयुष्यातलं एकमेव शास्त्रीय संशोधन वाटलं होतं.

सोमवारी मुलीची सुट्टी होती. सकाळच्या अकोल्याच्या गाडीनं दोघं उतरले. मी दोस्ताची गाडी मागून आणली होती. आई मागच्या सीटवर मुलीशेजारी बसली. तिच्या पिशवीत ती डबी होती.

"हे काहून आणलं?" मी गाडीबाहेर हळूच विचारलं.

"मोदकाला सून दाखविते," आई म्हणाली. "त्याला तरी कळू दे कोणासाठी बसलाय त्यो डबीत."

वडील पुढं बसले. पांढरा सदरा, खांद्याला चामडी पिशवी. मी त्यांना काका म्हणायला लागलो.

पहिलं ठिकाण दसऱ्याचं मैदान. आमच्याकडचा दसरा मोठा, प्रदर्शन भरतं, पाळणे येतात, लोक लोटतात. पण तो दसऱ्याला. त्या सोमवारी मैदानात चार शेळ्या होत्या आणि बॅटऐवजी फळी घेऊन पोरं क्रिकेट खेळत होती.

"इथं रावण जळतो," मी हात लांब करून दाखवलं. "एवढा उंच."

काकांनी मैदानभर नजर फिरवली. "आज काय जळून राह्यलं?"

"आज काही न्हाई. दसऱ्याला."

"मंग दसऱ्यालेच बलवाचं ना भाऊ."

मुलगी हसली. मी ते हसू माझ्या खात्यावर जमा धरलं आणि गाडी जुन्या छावणीच्या बाजूला घेतली. निजामाच्या काळात हिंगोलीत फौजेची छावणी होती, हे खरं. पण मला तेवढ्यावर थांबवेना. एका जुन्या दगडी घरापुढं गाडी उभी करून मी ठोकून दिलं, "हा इंग्रज साहेबाचा बंगला. याच ओट्यावर बसून तो कवायत बघायचा."

तेवढ्यात त्या ओट्यावर बनियनमधला एक माणूस तोंडात ब्रश घेऊन आला. माझ्याकडे बघून त्यानं थुंकी टाकली आणि ओरडला, "ओ वायंडिंगवाले! मोटार झाली का माझी? ऊस वाळून राहिला तिकडं!"

मुलीनं काच खाली केली. "दादा, हा बंगला कधीचा?"

"कायचा बंगला, ताई? आज्यानं नाल्यातले दगडं आणून बांधलेलं घर हाय. पावसाळ्यात गळतंय."

मी गाडी काढली. आरशात आईनं कपाळाला हात लावलेला दिसला. मुलगी खिडकीबाहेर बघत होती, पण तिचे खांदे हलत होते.

मग नरसी. संतांचं जन्मगाव, कयाधूचा काठ. तिथं मला काही ठोकायची गरज नव्हती, आणि म्हणूनच तिथं सगळं ठीक झालं. मुलगी घाटाच्या पायरीवर टेकली. नदीत पाणी थोडंच होतं, पण वारा होता. ती म्हणाली, "इथं बरं वाटतंय. जरा बसू या."

आयुष्यात कुठल्याही मुलीनं मला 'जरा बसू या' म्हटलं नव्हतं. आणि मी काय केलं? घड्याळात बघितलं. नरसीला बसलो तर भूक लागेल, भूक लागली की घरी जायचं निघेल, घरी गेलो की पान, पानानंतर चप्पल. मी म्हणालो, "बसायचं नंतर. औंढ्याचं देऊळ राहिलंय अजून." ती उठली.

औंढ्याला जायला परत हिंगोलीवरून यावं लागतं. आमच्या गल्लीचं तोंड आलं. आईनं पहाटे उठून पुरण घातलं होतं, तिच्या पदराला अजून त्याचा वास होता. ती म्हणाली, "आलं घर. घे आत."

मी ॲक्सिलेटर दाबला.

"अरे घर गेलं की!"

"औंढ्याला गर्दी व्हईल, आई. आधी देव, मग जेवण."

"देव कुठं पळून चाललाय?"

काका हसून म्हणाले, "राहू द्या वहिनी. विनाथांबा गाडी दिसते." पण ते हसताना सीटला टेकले, हे मी बघितलं आणि बघून न बघितल्यासारखं केलं.

सोमवारी औंढ्याला रांग असते हे हिंगोलीत लेकरालाही कळतं. ते मला रांगेच्या शेपटीला उभं राहिल्यावर आठवलं. पण रांगेत एक गुण असतो, त्यातून माणसाला नकार देऊन निघून जाता येत नाही. मी खुशीत होतो. कोरीव हत्ती दाखवले, घोडे दाखवले. मागच्या बाजूचा नंदी दाखवून गोष्ट सांगितली, की नरसीच्या त्या संतांना कीर्तन करताना देवळापुढून उठवलं, ते मागं जाऊन बसले, तर देवानं अख्खं देऊळच त्यांच्याकडे फिरवलं, नंदी राहिला तिथंच.

"म्हणजे डायवरनं गाडी फिरवली," काका म्हणाले, "आन् कंडक्टर थांब्यावरच राह्यला. लय येळा झालंय माह्यासंगं."

मुलगी खळखळून हसली. मला वाटलं, जमतंय. खरोखर जमतंय. गाभारा खाली आहे, वाकून अरुंद पायऱ्या उतराव्या लागतात. काका उतरले, घामानं भिजून वर आले. आईनं पिशवीतली डबी हळूच कपाळाला लावली.

बाहेर आल्यावर कुणी तरी चहाचं नाव काढायच्या आत मी म्हणालो, "आता हट्ट्याची बारव. पायऱ्यापायऱ्यांची जुनी विहीर. ती न्हाई बघितली तर हिंगोली बघितलीच न्हाई."

मुलीनं पहिल्यांदा सरळ माझ्याकडे बघितलं. "बाबांचं जेवण व्हायला पाहिजे आता."

"रस्त्यातच आहे," मी म्हणालो. औंढ्याहून हट्टा रस्त्यात असायला तुमचा रस्ता तिकडे जाणारा असावा लागतो. जवळा बाजारला हॉटेलं होती, भजी तळली जात होती. मी तिथंही थांबलो नाही. खरं सांगतो, तेव्हा माझ्या डोक्यात बारवेनंतर काय हाच घोर होता. जिल्हा संपत आला होता. इतिहासानं आमच्या पूर्वजांकडून आणखी थोडं काम करून घ्यायला पाहिजे होतं असं वाटत होतं.

जवळा बाजार मागं पडलं. दोन्हीकडे हळद काढलेली शेतं. शेजारी काका पुटपुटायला लागले, "पुढं सरका. पुढं सरका. मागं जागा हाय."

मी हसलो. विनोद वाटला.

"सुटे द्या," ते मला म्हणाले. त्यांचा सदरा अंगाला चिकटला होता आणि डोळे माझ्याकडे असून माझ्यावर नव्हते. "सुटे न्हाईत त खाली उतरा."

"गाडी थांबवा," मागून मुलगी म्हणाली. आवाज एकदम वेगळा. "शुगर खाली गेली बाबांची. गोड काय आहे गाडीत?"

तिनं उतरून त्यांचा खिसा चाचपला. तिथं खडीसाखरेची पुडी असायची. "बाबा, खडीसाखर कुठंय?"

"देवाले देल्ली," काका जड जिभेनं म्हणाले. "रिकाम्या हातानं..."

प्रसादाच्या दुकानावर मीच त्यांना थांबू दिलं नव्हतं. रांग वाढेल म्हणून.

मी गाडी उलटीपालटी केली. तारेचं बंडल, वार्निशचा डबा, पाना, पक्कड. पाण्याची बाटली सापडली. गोड काहीही नाही. लांब शेतात हळद शिजवायच्या कढईचा धूर दिसत होता, पण तिथवर पळत जाऊन यायला वेळ लागला असता, आणि काकांची मान एका बाजूला झुकत चालली होती. मुलगी त्यांच्या गालावर थापट्या मारत होती. "बाबा, माझ्याकडं बघा. बाबा." मी रस्त्याच्या मधे उभा राहून दोन्ही हात हलवत होतो. गाडी एकही येत नव्हती. तोवर मी दिवसभर माझ्या लग्नासाठी घाबरलो होतो. माणूस खरा घाबरतो तेव्हा कसा असतो, ते मला त्या रस्त्यावर कळलं.

वळून बघतो तर आईच्या हातात डबी उघडी होती.

आणि बघा माझी लायकी. समोर माणूस बसल्या जागी विझत होता, आणि माझ्या तोंडून निघालं, "आई, तो... दुसरं काही न्हाई का तुझ्याकडं?"

आईनं माझ्याकडे असं बघितलं की मी तिथंच लहान झालो. "पाना दे," ती म्हणाली.

मोदक दातानं फुटण्यापलीकडचा होता. मी तो रुमालात गुंडाळून गाडीच्या बॉनेटवर ठेवला आणि पान्यानं फोडला. माझ्या लग्नाचा नवस मी माझ्या हातानं, माझ्याच पान्यानं फोडला. तिसऱ्या घावाला तो फुटला. मुलीनं चुरा बोटानं काकांच्या गालात लावला, घोट घोट पाणी दिलं, पुन्हा चुरा. आई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती, आपलंच लेकरू असल्यासारखी.

हळूहळू काकांच्या डोळ्यांत माणूस परत आला. त्यांनी इकडंतिकडं बघितलं, ओठ चाटले आणि विचारलं, "विलायची कुठून आली?"

मुलगी रडायला लागली. धुराकडून हळद शिजवणारी माणसं धावत आली. हातपाय, कपडे, सगळे पिवळे. त्यांनी गुळाचा चहा दिला, भाकर दिली, बेसन दिलं. काका बांधावर बसून जेवले. आम्हीही जेवलो. माझं संशोधन त्या बांधावर संपलं. बारव पुढं थोड्याच अंतरावर होती, पण मी तिचं नाव काढलं नाही.

परतताना मुलीनं आईला विचारलं, "मावशी, डबीत काय होतं ते?"

आई देवाच्या बाबतीत खोटं बोलत नाही. तिनं सांगितलं. मोदक कोणाचा, कशासाठी, पुरं झाल्यावर काय करायचं असतं, सगळं. मी आरसा दुसरीकडे फिरवून ठेवला.

घरी बसायला वेळ उरला नव्हता. आईनं पळत जाऊन पुरणपोळ्या डब्यात भरून आणल्या आणि आम्ही थेट स्टेशनवर गेलो. काय म्हणावं माझ्या मनाला! एवढं होऊनही त्यात एक आशा सरपटत होती. यांनी आपल्या घरी जेवण केलेलं नाही. म्हणजे नियमाप्रमाणे...

गाडी सुटताना काकांनी खिडकीतून हात जोडले. "बरं मंग, घरी गेल्यावर कळवतो."

फोन मुलीनंच केला. हे मात्र आजवर कुणी केलं नव्हतं. ती म्हणाली, "तुम्ही माणूस वाईट न्हाई. पण दिवसभरात तुम्ही मला एक गोष्ट विचारली न्हाई. दमलीस का, भूक लागली का, काहीच न्हाई. नदीवर मी बसू या म्हटलं तर तुम्ही घड्याळ बघितलं. मला भीती वाटली. मावशींना माझा नमस्कार सांगा. त्यांच्यासाठी आले असते एखादे वेळेस."

मी दुकानात होतो. समोर बंगलेवाल्याची मोटार उघडून ठेवलेली होती. त्या दिवशी मी तिच्यात तार उलटी भरली. ती पुन्हा जळाली.

घरात डबी देव्हाऱ्यात परत गेली होती. तळाशी चुऱ्याचे दोन कण. आई ती घासायला घेईना. कधी कधी देवापुढं बसून स्वतःशीच बोलायची, "मागणं पुरं झालं न्हाई, आन् मोदक तर गेला. आता देऊ का नको देऊ रे बाबा परत?" मी सकाळी लवकर दुकानात जायला लागलो आणि जेवायला उशिरा यायला लागलो. मामाला मी फोन केला नाही. त्यानंही केला नाही.

अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी काकांचा फोन आला. "भाऊ, तो मोदक परत कुठं द्याचा रायते? मी येऊन राह्यलो उद्या. रांगेची माहिती नाही मले."

"काका, तुमी काहून?"

"म्हणजे? पोरीचं जमलं ना! वाशिमचं पोरगं. उन्हाळ्यात लगन बी झालं. मोदक कोणं खाल्ला? मी. काम कोणाचं झालं? माह्यं. जल्मभर लोकायले तिकीट फाडून देल्लं भाऊ, आता म्हातारपणी फुकट प्रवास करू काय?"

मी आईला सांगितलं. ती भिंतीला टेकून बसली. मला वाटलं आता रडेल. पण ती म्हणाली, "म्हणजे मोदक खरा व्हता." आणि उठून डबी घासायला घेतली.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं रांगेत उभे होतो. काकांच्या डोक्यावर मोदकांची टोपली, आईच्या हातात चकचकीत डबी, मी मधे. ऊन मरणाचं. मागून रेटा, पुढून धूळ, ढोलाचा आवाज छातीत वाजत होता. मी मुलीचं विचारलं. बरी आहे म्हणाले, नवऱ्यासोबत नदीवर फिरायला जाते. मी 'बरं झालं' म्हणालो. दोनदा म्हणालो, पहिल्यांदा नीट निघालं नव्हतं.

काकांनी मोदक परत दिले. आईनं नवा घेतला. मागणं मनात बोलायचं असतं, पण तिचे ओठ इतका वेळ हलत राहिले की मागचे लोक ओरडायला लागले. माझ्यासाठीचं मागणं फार लांबलचक झालं असावं.

बाहेर आलो तशी काकांना धुळीनं जोराचा ठसका लागला. ते थांबले, एका हातानं खांब धरला, कपाळाचा घाम पुसला.

आईनं डबी उजव्या हातातून डाव्या हातात घेतली. मग पदराखाली घेतली. मग दोन पावलं बाजूला सरकली.

काकांनी ते बघितलं. त्यांनी चामडी पिशवी उघडून बिस्किटाचा पुडा वर धरला.

"वहिनी, भिऊ नका," ते म्हणाले. "आज माह्याजवळ हाय."

आईनं डबी काही बाहेर काढली नाही. "असू द्या," ती म्हणाली. "आधी घरी चला. पान वाढून ठेवलंय."